पूर्ण मापाचं पिस्तूल

देवदत्त खांबेटे यांनी चोरासाठी दार धरलं, ही गोष्ट खरी आहे. ती नाकारण्यात अर्थ नव्हता, कारण नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावातल्या सगळ्या मराठी घरांत ती पोचली होती, आणि दुसऱ्या आठवड्यात तर कापेल गावाहून मित्र बाळासाहेबांचा फोन आला होता, "आवो खांबेटे, दार नुसतं धरलंत का कुंकूबिंकू लावून पाठवणी केलीत?"

झालं ते असं. दुपारची वेळ. सरलाबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. देवदत्त पुढच्या खोलीत वाचत बसले होते. चष्मा विसरला म्हणून उठले, तर दाराकडच्या बोळकांडीत एक तरुण मुलगा उभा. जाकीट स्वच्छ, केस नीट विंचरलेले, काखेत लॅपटॉप, एका हातात मिक्सर, दुसऱ्या हातात सरलाबाईंची पर्स, आणि कोपराने दाराची मूठ खाली दाबायची केविलवाणी धडपड चाललेली. जावई म्हणाले होते की मिक्सर दुरुस्तीला न्यायला कुणीतरी येईल. देवदत्तांनी दोन आणि दोन चार केले. पर्स कशाला, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण पावती वगैरे लागत असेल, असं उत्तरही लगेच आलं. हात गुंतलेल्या माणसासाठी दार उघडावं हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. त्यांनी दार उघडलं, धरून ठेवलं, आणि डच भाषेत म्हणाले, "पायरी सांभाळा हं."

"धन्यवाद, साहेब," मुलगा म्हणाला. हल्लीची पिढी इतकी उद्धट नाही, असं मनाशी म्हणत देवदत्त खुर्चीत येऊन बसले.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, मिक्सर कुठे गेला?"

"दुरुस्तीला नेला ना."

"जुना ना? जुना तर इथं ओट्याखाली आहे. कालच आणलेला नवा कुठे गेला?"

पोलीस खात्याकडून एक तरुण बाई आल्या. त्यांनी सगळं न हसता लिहून घेतलं. 'पायरी सांभाळा'पाशी मात्र त्यांचं पेन थांबलं.

"हे तुम्ही त्याला म्हणालात?"

"पायरी जरा उंच आहे," देवदत्त म्हणाले.

वस्तूंचं फारसं दुःख नव्हतं. विम्याने मिक्सर आला, लॅपटॉप आला. न भरून येणारं नुकसान वेगळंच होतं. त्या दिवसापासून सरलाबाई उशाशी लाटणं घेऊन झोपू लागल्या. शिसवी लाटणं, त्यांच्या माहेरचं, मधे जाड आणि टोकांना निमुळतं. संध्याकाळची आवराआवर झाली की त्या ते धुऊन, पुसून, वर घेऊन जात. सकाळी खाली उतरताना हमखास विसरत, आणि मग कणीक मळून झाल्यावर हाक येई, "अहो, लाटणं आणता का?" देवदत्त पुस्तकात खूण घालत, जिना चढत, आणि बायकोच्या उशीजवळचं ते काळं, गुळगुळीत, मुकं लाटणं उचलून खाली आणत. इतक्या वर्षांचा संसार. नवरा डाव्या बाजूला, लाटणं उजव्या बाजूला, आणि सरलाबाईंचं तोंड लाटण्याकडे. यात बोलण्यासारखं काही उरत नाही.

सरलाबाई टाकून काही बोलल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्या काही बोलल्याच नाहीत. ते लाटणं स्वयंपाकघरात परत गेलं पाहिजे, आणि कायमचं गेलं पाहिजे, एवढी एकच गोष्ट देवदत्तांना आता आयुष्यात हवी होती. आणि त्यासाठी काय करावं याचा विचार करता करता, कधी कुणावर आवाजही न चढवलेला हा माणूस पिस्तुलापाशी येऊन पोचला.

आता देवदत्तांचा पिस्तुलाशी पूर्वी संबंध आला नव्हता असं म्हणता येत नाही. लहानपणी दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल होतं. ते वाजवताना एका हाताने चाप आणि दुसऱ्या हाताने एक कान, अशी कसरत असायची आणि उरलेला कान उघडाच राहायचा. पुढे कॉलेजात एनसीसीमध्ये रायफल हाती आली. त्यांनी मन लावून नेम धरून गोळ्या झाडल्या. त्यांच्या लक्ष्यावर एकही भोक पडलं नाही. शेजारच्या मुलाच्या लक्ष्यावर मात्र झाडल्या त्याहून कितीतरी जास्त भोकं निघाली आणि त्याला बक्षीस मिळालं. तो मुलगा पुढे फौजेत गेला. देवदत्तांना वाटे, देशसेवेत आपलाही खारीचा वाटा आहे.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी आइंडहोवनला यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. 'यंत्राला हात लावण्यापूर्वी ही पुस्तिका पूर्ण वाचा' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा लिहिलं की ते स्वतः त्या वाक्यापलीकडे कधी गेलेच नाहीत. निवृत्त झाल्यावर मुलीजवळ असावं म्हणून इकडे आले, ते पुस्तकांची खोकी घेऊन. तेव्हा पिस्तुलाच्या बाबतीतही त्यांनी आधी वाचायला घेतलं. वाचून त्यांना कळलं की पिस्तुलं पूर्ण मापाची असतात, मध्यम असतात आणि चिमुकलीही असतात. चिमुकलं लपवायला सोपं, पण हातात उसळतं. पूर्ण मापाचं जड, नळी लांब, म्हणून नेम स्थिर आणि धक्का कमी. नवशिक्याने पहिलं पिस्तूल पूर्ण मापाचंच घ्यावं, असं जवळजवळ सगळ्यांचं मत पडलं. शिवाय ते अर्धस्वयंचलित असावं. म्हणजे चाप दर वेळी आपण ओढायचा, पुढची गोळी मात्र आपोआप जागेवर येते. थोडक्यात अर्धं काम आपण करायचं, अर्धं ते करतं. देवदत्तांना हे फार पटलं. संसारही असाच चालतो. फक्त कुठलं अर्धं कुणाचं याची पुस्तिका मिळत नाही.

पहिला सल्ला त्यांनी बाळासाहेबांना विचारला. बाळासाहेब मूळचे कराडकडचे, मुलाकडे कापेलला राहायला आलेले, आणि त्यांच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. ती बंदूक कधी उडाली होती का, हे कुणी विचारत नसे.

"फुल साइजच घ्या," बाळासाहेब फोनवर इतक्या मोठ्यांदा म्हणाले की देवदत्तांनी फोन घेऊन संडासात जाऊन कडी लावली. "ते काम्पॅक्ट-बिम्पॅक्ट म्हंजे खिशातला कंगवा. हत्यार कसं, हातात आलं की खांदा खाली गेला पायजे. आन् एक सांगतो, घेतलं की दसऱ्याला पूजा झाल्याबिगर चालवायचं न्हाई."

"अजून काही नक्की नाही हो. नुसता विचार..."

"विचार काय करायचाय? आवो, चोरांना दार उघडणारा माणूस तुम्ही! तुम्हाला नाही तर कुणाला गरज आहे?"

हे ऐकून निर्धार पक्का झाला की खचला, ते देवदत्तांना नीट ठरवता आलं नाही. पण भरलेलं पूर्ण मापाचं पिस्तूल साधारण किलोभर भरतं आणि हात लांब करून ते स्थिर धरता आलं पाहिजे, असं त्यांनी वाचलं होतं. घरात किलोभराची, हातात मावणारी वस्तू म्हणजे दुधाचा खोका. सरलाबाई आंघोळीला गेल्या की देवदत्त पुढच्या खोलीच्या मधोमध उभे राहत, पाय थोडे फाकवत, दुधाचा खोका दोन्ही हातांनी समोर धरत, आणि एक डोळा मिटत.

या देशात खिडक्या भिंतीएवढ्या असतात आणि पडदे लावण्याची पद्धत नाही, हे ते वीस वर्षांहून अधिक काळ इथं राहूनही त्या क्षणी विसरले.

शेजारच्या आजीबाईंचं नाव रीत. नावाप्रमाणे रीतीच्या पक्क्या: कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर, कुंपण किती उंच, सगळं त्यांच्याकडून शिकावं. कानांनी थोड्या कमी. एकदा कुंपणापाशी त्यांनी देवदत्तांना गाठलं.

"दूध खराब निघतं का तुमचं? रोज सकाळी इतकं लांब धरून तारीख वाचता. चष्मा बदलून घ्या."

देवदत्तांना वाटलं, या बाई एकट्या राहतात, कशाला घाबरत नाहीत, आणि इथल्याच आहेत. यांना विचारावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मुळात ते बोलताना शब्दांची शेपटं गिळतात; त्यात ही कुजबुज. डचमध्ये पिस्तुलाला 'पिस्तोल' म्हणतात आणि न्याहारीच्या लांबट, कडक कवचाच्या पावाला 'पिस्तोलेट'. हे दोन्ही शब्द त्यांना उत्तम माहीत होते. पण शेपूट गिळणाऱ्याने काय म्हटलं, हे शेवटी ऐकणाराच ठरवतो.

"मी एक... पिस्तोल घ्यावं म्हणतोय. घरात असावं म्हणून."

"मग त्यात कुजबुजण्यासारखं काय आहे?" रीतबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना रविवारी दोन लागायची."

"दोन?"

"दोन. शेवटी डॉक्टरांनी बंद केली. तुम्हाला पूर्ण मापाचं हवं का छोटं?"

इतक्या थेट, तांत्रिक प्रश्नाने देवदत्त भारावले. "पूर्ण मापाचं."

"शहाणे आहात. छोट्याने काही होत नाही. अर्धं तयार मिळतं ते घ्या. उरलेलं अर्धं काम घरी."

"अर्धस्वयंचलित," देवदत्त पुटपुटले.

"काय? हो. आणि ठेवायचं फ्रीजरमध्ये."

फ्रीजरमध्ये! वाचलेल्या एकाही पुस्तकात हे नव्हतं. पण विचार केला तर किती हुशारीचं. कुठला चोर मटाराच्या पिशवीखाली बघणार आहे?

"बाहेर काढलं की लगेच वापरायचं," रीतबाईंनी बोट वर केलं. "राहिलं तर दगड होतो. कुणाच्या डोक्यात बसला तर माणूस मरायचा."

देवदत्त शहारले. "आणि बायकोला... याबद्दल काय सांगावं?"

"तिला विचारा, तीळ लावलेलं आवडतं का."

तिळापाशी देवदत्तांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसरा कुणी असता तर हसून म्हणाला असता, 'बाई, घोटाळा झाला, मी बंदुकीबद्दल बोलतोय.' देवदत्तांनी तसं म्हणायला तोंड उघडलंही. मग त्यांना वाटलं, इतक्या आपुलकीने सांगितलंय, आता दुरुस्त करणं बरं दिसणार नाही.

"तीळ चालतील," ते म्हणाले.

त्यानंतर दर शनिवारी रीतबाई बेकरीतून येताना खांबेट्यांच्या दाराला पावांची पिशवी अडकवून जाऊ लागल्या. पूर्ण मापाचे, तीळ लावलेले. सरलाबाईंनी दोन-तीन शनिवार वाट पाहिली, मग विचारलं, "या बाईंना झालंय काय? आपल्याकडे पोळ्या होत नाहीत असं सांगितलंत का तुम्ही?"

"मी काहीच सांगितलं नाही," देवदत्त म्हणाले, आणि खरं तेच होतं. शनिवारी पिठलं-पाव होऊ लागला. त्या दिवशी निदान लाटणं खाली आणावं लागत नसे. पण वर जायचं ते जातच होतं.

मुलीला कळलं तेव्हा तिने हूफडॉर्पच्या ऑफिसातून, मीटिंग सोडून फोन केला. उल्काला ही बातमी कापेलमार्गे मिळाली होती.

"बाबा, तू सीरियस आहेस? पिस्तूल? अरे, इथं सेल्फ डिफेन्ससाठी गन मिळतच नाही. मिरपुडीचा स्प्रेसुद्धा इल्लीगल आहे!"

"नेमबाजीच्या क्लबात जाऊन..."

"क्लबात जा ना, चांगलं आहे, घराबाहेर तरी पडशील. पण तिथं 'घर' हा शब्द काढायचा नाही. कळलं? हॉबी म्हणायचं. कॉन्सन्ट्रेशनसाठी आलोय म्हणायचं. घर नाही, चोर नाही, आईचं लाटणं तर अजिबात नाही. म्हण बघू माझ्याबरोबर."

देवदत्तांनी डचमधलं ते वाक्य पाठ केलं. 'एकाग्रता वाढवणारा छंद म्हणून मला नेमबाजी शिकायची आहे.' बसमध्ये घोकलं, पायी जाताना घोकलं. क्लब एका क्रीडागृहाच्या तळघरात होता. भीतिदायक वाटेल असं काहीच तिथं नव्हतं: कॉफीचं यंत्र, बशीत प्रत्येकी एक बिस्कीट, विणकाम घेऊन बसलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, आणि हेंक नावाचे दरवाजाएवढे रुंद गृहस्थ, जे नवीन लोकांशी बोलत.

"तर," हेंकनी कॉफी पुढे सरकवली. "तुम्हाला नेमबाजी का शिकायचीय?"

आयुष्यभर माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या माणसाची एक अडचण असते. प्रश्न नेमका असला की त्याला चुकीचं उत्तर देता येत नाही. देवदत्तांनी पाठ केलेलं वाक्य शोधलं. ते नव्हतं. तोंडातून जे आलं ते स्वच्छ, स्पष्ट आणि प्रथमच एकही शेपूट न गिळता आलं:

"मला पूर्ण मापाचं, अर्धस्वयंचलित पिस्तूल हवं आहे. सरावासाठी आणि घराच्या रक्षणासाठी."

विणकामाच्या सुया थांबल्या. हेंकनी कप खाली ठेवला.

"घराच्या रक्षणासाठी इथं कुणालाही पिस्तूल मिळत नाही," ते सावकाश म्हणाले. "हे कारण सांगणाऱ्याला मला दार दाखवावं लागतं. आणि समजा, वर्षभर नेमाने येऊन, सगळे दाखले देऊन उद्या परवाना मिळाला, तरी पिस्तूल कुलपाच्या पेटीत, पेटी भिंतीला ठोकलेली, गोळ्या वेगळ्या कुलपात. चोर आला तर तुम्हाला त्याला सांगावं लागेल की दोन पेट्या उघडेपर्यंत बस, कॉफी घे."

"तेवढं मला जमेल," देवदत्त खिन्नपणे म्हणाले. "गेल्या वेळी मी त्याच्यासाठी दार धरलं होतं."

आणि मग, का कोण जाणे, त्या अनोळखी तळघरात त्यांनी सगळं सांगून टाकलं. मिक्सर, पायरी, लाटणं, सगळं. हेंक आधी गंभीर होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्यांनी डोळे पुसले आणि आपल्या भल्यामोठ्या हाताने देवदत्तांचा हात थोपटला. "माझी बायको झोपताना मोठी टॉर्च जवळ घेते," ते म्हणाले. "आणि मी या क्लबाचा अध्यक्ष आहे."

त्यांनी दार दाखवलं नाही. उलट आत नेलं, कानांवर आवाज अडवणारं झाकण चढवलं, आणि एक पूर्ण मापाचं, रिकामं पिस्तूल हातात दिलं. देवदत्तांनी ज्याच्याबद्दल इतकं वाचलं होतं ते प्रथमच प्रत्यक्ष पाहिलं. मूठ त्यांच्या हातात मावेना. अंगठा एकीकडे, चाप भलतीकडे. "वरचा भाग मागे ओढा," हेंक म्हणाले. देवदत्तांनी ओढला. तो हलला नाही. दात आवळून पुन्हा ओढला. पिस्तूल ढिम्म. त्यांच्या तोंडून आपसूक "सॉरी" निघालं, आणि ते त्यांनी हेंकना नव्हे, पिस्तुलाला म्हटलं होतं.

मग लहान गोळीचं, हलकं पिस्तूल आलं. हेंक खांद्याशी उभे राहिले. देवदत्तांनी श्वास रोखला, दुधाचा खोका आठवला, आणि शांतपणे एकामागून एक गोळ्या झाडल्या. त्यांचं लक्ष्य कोरं करकरीत राहिलं. पलीकडच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या विणकामवाल्या बाई आपला कागद जवळ ओढून पाहत होत्या. "आज माझा हात फारच बसलाय," त्या म्हणाल्या.

इथं प्रकरण संपायला हवं होतं. पिस्तुलाने लाटणं खाली जाणार नाही, हे देवदत्तांना स्वच्छ कळलं होतं. पण हेंकना त्यांच्याबद्दल माया वाटू लागली होती. "नियमित या. सदस्यत्वासाठी पालिकेकडून चारित्र्याचा दाखला तेवढा आणा," असं त्यांनी सांगितलं, आणि इतक्या भल्या माणसाला 'नको' म्हणणं देवदत्तांना शक्य नव्हतं. तेव्हा ते पालिकेत गेले. काचेमागच्या मुलीने विचारलं, दाखला कशासाठी? त्यांनी सांगितलं. मोठ्यांदा बोला, ऐकू येत नाही, ती म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं. आणखी मोठ्यांदा. शेवटी तिनेच ओठ वाचून, खात्री करण्यासाठी, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं विचारलं, "बंदुकीसाठी?" आपला नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या एका बाईंनी बाबागाडी हळूच खांबामागे घेतली. देवदत्तांनी सगळ्यांकडे पाहून अपराधी स्मित केलं, त्याने परिस्थिती अधिकच बिघडली. "मी पुन्हा येईन," ते म्हणाले आणि बाहेर पडले. बाहेर पडताना मागून येणाऱ्या माणसासाठी त्यांनी दार धरलं. सवय जात नाही.

त्यांनी मनोमन विषय मिटवला. पण मिटवल्याचं बाळासाहेबांना कळवायचं राहिलं, आणि बाळासाहेबांनी दसऱ्याच्या आधी मराठी मंडळाच्या ग्रुपवर संदेश टाकला: 'यंदा शस्त्रपूजन श्री. देवदत्त खांबेटे यांच्या निवासस्थानी. यंदा खरं शस्त्र! सर्वांनी यावे.' खाली टाळ्या वाजवणारे हातच हात. सरलाबाईंनी तो संदेश वाचला, फोन ओट्यावर पालथा ठेवला, आणि पाटाभोवती रांगोळी कुठली काढायची ते ठरवायला बसल्या. त्यांनी एकदा रागावून विचारायला हवं होतं. देवदत्त दोन दिवस त्या प्रश्नाची वाट पाहत होते.

सरलाबाईंच्या घरची दसऱ्याची पूजा म्हणजे काही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. पुस्तकं, हत्यारं, घरातली कामाची साधनं पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. त्या दिवशी साधनांना विश्रांती. गेल्या वर्षी जावयांनी उत्साहाने आपला मोबाइल पाटावर ठेवला आणि तो संध्याकाळभर झेंडूच्या फुलांखाली वाजत राहिला. ऑफिसचा फोन होता. सरलाबाईंनी उचलू दिला नाही. "त्याला आज सुट्टी आहे," त्या म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी घर भरलं. आपट्याची पानं इथं मिळत नाहीत म्हणून मंडळी बागेतली मिळतील ती पानं घेऊन आली. पाटावर देवदत्तांचा मोठा शब्दकोश, उल्काचा लॅपटॉप, जावयांचा नट आवळायचा पाना, अशी मांडणी झाली. मधे जागा रिकामी ठेवलेली. बाळासाहेब फेटा बांधून आले होते. त्यांनी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि देवदत्तांकडे पाहिलं.

"हं, खांबेटे. आणा बाहेर. लोक खोळंबलेत."

देवदत्त पाटाजवळ सरकले. "त्याचं असं झालं की..."

तेवढ्यात पुढचं दार वाजलं आणि कानांनी कमी असलेल्या माणसाचा खणखणीत आवाज सगळ्या घरात घुमला, "साहेब! तुमचं पिस्तोलेट आणलंय! पूर्ण मापाचं!"

कुणाच्या तरी आईने पोराला मागे ओढलं. बाळासाहेबांनी फेटा सावरला आणि छाती पुढे काढली. "होम डिलिव्हरी!" ते आदराने म्हणाले. गर्दीतून वाट काढत रीतबाई आल्या, पाटासमोर थांबल्या, एवढा थाट पाहून खूश झाल्या, आणि त्यांनी कागदी पिशवीतून सहा गरमागरम, तीळ लावलेले पाव काढून त्या रिकाम्या जागेवर नीट रचले.

आधी उल्काला हसू फुटलं, आणि मग सगळ्यांनाच. बाळासाहेब एक पाव हातात घेऊन उलटासुलटा करत म्हणाले, "आन् याची गोळी कुठनं निघती हो?"

देवदत्तांचे कान लाल झाले होते. हे हसणं आता कापेलला जाणार, आइंडहोवनला जाणार, पुढच्या गणपतीपर्यंत पुरणार. त्यांनी सरलाबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या त्यांच्याकडेच पाहत होत्या, आणि त्या बघण्यात काळजी होती. तीच, चोर गेल्यावर होती तीच. तेव्हा देवदत्तांनी तिला चोराची भीती समजलं होतं.

देवदत्त वळले आणि जिना चढून वर गेले. खाली कुजबुज झाली. "रागावले." "अरे, थट्टा केली नुसती." बाळासाहेबसुद्धा ओशाळले. मग पावलं पुन्हा खाली उतरताना ऐकू आली, आणि देवदत्त दोन्ही हातांत आडवं धरून लाटणं घेऊन आले.

"मी पिस्तूल घेतलेलं नाही," ते म्हणाले. शब्दांची सगळी शेपटं जागेवर होती. "मला ते ओढताही आलं नाही. चोर आला तेव्हा मी दार धरलं, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवसापासून या घराचं रक्षण हे करतंय. आमच्या घरचं शस्त्र हेच."

त्यांनी पाव थोडे बाजूला केले आणि लाटणं मधोमध ठेवलं. कुणीच हसलं नाही. रीतबाईंना एकही मराठी शब्द कळला नव्हता, पण त्यांनी ओळखल्यासारखी मान डोलावली. घर म्हटलं की लाटणं आलंच. सरलाबाई पुढे झाल्या. त्यांनी शब्दकोशाला कुंकू लावलं, लॅपटॉपला लावलं, पान्याला लावलं, पावांनासुद्धा एकेक बोट टेकवलं, आणि लाटण्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि एक झेंडूचं फूल वाहिलं. बाळासाहेबांनी सगळ्यांत आधी वाकून नमस्कार केला.

पाहुणे गेले, पानांचा कचरा आवरला. दिवेलागणीला सरलाबाई सवयीने पाटापाशी गेल्या, हात पुढे केला, आणि तो तसाच मागे घेतला. देवदत्त खुर्चीत बसून होते. शब्दकोश पाटावर असल्यामुळे त्यांनाही सुट्टीच होती.

"अहो," सरलाबाई म्हणाल्या, "ते उचलायचं नाही ना उद्यापर्यंत."

"नाही. त्याला आज सुट्टी आहे."

"तुम्ही मुद्दाम ठेवलंत?"

मुद्दाम ठेवलं होतं का, ते देवदत्तांनाही नक्की माहीत नव्हतं. सरलाबाई समोरच्या खुर्चीवर टेकल्या.

"चोरासाठी नव्हतंच हो ते," त्या म्हणाल्या. "जरा कुठे खुट्ट झालं की तुम्ही उठून खाली बघायला जाता. कोण असेल त्याला 'या, बसा' म्हणाल. तुमच्या मागे यायचं तर माझ्या हातात काही नको? त्या पोराने त्या दिवशी तुम्हाला ढकललं असतं म्हणजे?"

देवदत्त बराच वेळ चष्मा पुसत राहिले. या लाटण्याची पुस्तिका आपण पहिल्या पानापासून उलटी वाचत होतो, हे त्यांच्या लक्षात येत होतं.

"मग आज?" सरलाबाईंनी विचारलं.

"आज मी आहे," देवदत्त म्हणाले. एवढं मोठं वाक्य ते आयुष्यात बोलले नव्हते.

सरलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर त्या दिवसापासून न दिसलेलं हसू आलं. "बरं," त्या उठत म्हणाल्या. "फक्त दार तेवढं धरू नका."

त्यांनी पुढच्या दाराची कडी ओढून पाहिली, मागच्या दाराचीही पाहिली, आणि जिन्याकडे निघाल्या. देवदत्त दिवे मालवत मागून आले. आणि पहिल्या पायरीवर पाऊल पडताच त्यांच्या तोंडून, नेहमीच्याच आवाजात, निघून गेलं, "पायरी सांभाळ हं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक मळून झाली तरी हाक आली नाही. देवदत्त आपणहून स्वयंपाकघरात गेले. लाटणं पोळपाटावर फिरत होतं. कुंकू पुरतं पुसलं गेलं नव्हतं. पहिली पोळी एका कडेला किंचित गुलाबी झाली होती. सरलाबाईंनी ती त्यांच्याच ताटात टाकली.